दोनदापूरचं पाणी

आई, परवा मी तुझा समुद्र बघून आले. मुरूडच्या वाळूत उभी राहिले आणि पहिली तुझी आठवण आली, मग तुझा रागच आला. राग कशाचा ते पुढे सांगते. आधी तुझ्या सहलीचं सांगू दे, कारण तू ती इतक्यांदा सांगितलीस की आता ती माझीच वाटते.

तू वाळूजला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायचीस. बचत गटाच्या बायकांनी कोकणात बस नेली, तेव्हा आयुष्यात एकदाच तू समुद्र पाहिलास. आपल्या गल्लीत पाच-सहा दिवसांनी नळ यायचा. नळ सोडणारा वॉलमन लोखंडी चावी घेऊन कोपऱ्यावर दिसला की तू पोळी तव्यावर तशीच सोडून ड्रमकडे पळायचीस, आणि मी चित्र काढत बसलेली दिसले की ओरडायचीस, "पाणी जाईल की गं! पाइप लाव आधी. का रंगाचं पाणी पिणार हाईस?" अशी तू समुद्रासमोर उभी राहिलीस. दुपारी पाणी मागं हटलं, होड्या चिखलात बसल्या, तशी घाबरून तू एका मासेवालीला विचारलंस, "बाई, पाणी गेलं वाटतं. आता किती दिवसानं येतं?" ती म्हणाली, "दिवसानं कशाला? संध्याकाळी येईल. रोज दोनदा येतं." झालं! परत आल्यावर महिनाभर गल्लीला दुसरं काही ऐकायलाच मिळालं नाही. "रोज दोनदा! अन् कोणाला कदर नाय. एक बी बाई हंडा घिऊन उभी नाय तिथं." शेजारच्या चाची तुझ्याबरोबर सहलीला होत्या. त्या हसून हसून बेजार व्हायच्या. "अगे, तेरी माँ तो ड्रम ढूँडने निकली थी," त्या मला सांगायच्या.

माझ्यासाठी तू शंखशिंपले आणले नाहीस. पाण्याची रिकामी बाटली समुद्रात बुडवून भरून आणलीस. मला ते अजून समोर दिसतं. तू ओट्यावर बाटली ठेवतेस, अजून पायातली चप्पलही काढलेली नाही. "हे तर नळाचंच आहे," मी तोंड वाकडं करते. "चाखून बग." मी चाखते, थुंकते, तू खळखळून हसतेस. "पण समुद्र तर निळा असतो ना?" माझा चेहरा पडलेला आहे. तू क्षणभर माझ्याकडे बघतेस. मग मोरीच्या फळीवरची कपड्यांची नीळ काढतेस, दोन थेंब बाटलीत टाकतेस, झाकण लावून हलवतेस आणि खिडकीच्या उजेडात धरतेस. "अस्सं होतं," तू म्हणतेस. "हुबेहूब अस्सं." पुढे कितीतरी वर्षं ती बाटली बुद्धाच्या मूर्तीशेजारी होती.

त्या बाटलीकडे बघत बघतच मी चित्रं काढायला शिकले. आता मी मुलांसाठी चित्रकथा काढते. माझ्या चित्रकथेतलं गाव समुद्रकाठचं आहे, नाव दोनदापूर. तिथं धक्क्याच्या टोकाला एक वॉलमन राहतो. तो चावी फिरवतो तेव्हा समुद्र येतो, उलटी फिरवतो तेव्हा 'पाणी गेलं' म्हणून गावभर ओरड होते. बायका किनाऱ्यावर ड्रम मांडून बसतात, एकमेकींचे पाइप काढतात, कचाकचा भांडतात. कुणाच्या घरी आजारपण असलं तर वॉलमन त्यांच्यासाठी समुद्र जरा वेळ थांबवून धरतो.

त्याचं पुस्तक होणार होतं. पुण्याच्या संपादक बाईंचा फोन आला. "गोड आहे हो, पण मुलं चुकीचं शिकतील. भरती-ओहोटी चंद्रामुळे होते. 'पाणी गेलं' नको, ओहोटी म्हणा. तो माणूस काढून टाका. आणि आपल्याकडचा समुद्र इतका निळा नसतो. एकदा खरं गाव बघून या आणि सगळं सुधारून काढा. असंच छापणं मला अवघड आहे." मला ते पुस्तक फार हवं होतं, आई. तुला गावाचं नाव कधी धड सांगता आलं नाही, म्हणून चाचींना विचारलं. "मुरूड, बेटा. पानी में किला नई था?" मी क्रांती चौकात बसचं तिकीट काढलं.

आणि समुद्र मातकट होता! पाइपलाइन फुटल्यावर आपल्या नळाला येतं तसला. सकाळी बघितला, संध्याकाळी बघितला, तसाच. ओहोटी कधी लागते असं एका मासेवालीला विचारलं, तर म्हणाली, "आम्ही सुकती म्हणतो." कधी निळा होतो का विचारलं, तर हसायलाच लागली. तेव्हा तुझा राग आला. उभ्या आयुष्याची चित्रं मी ज्या रंगावर काढली तो कपड्यांच्या निळीचा निघाला. पाणी गेलं, मी तिथंच बसून राहिले, आणि तुझा तो क्षणभर थांबलेला चेहरा आठवला. तुला सगळं ठाऊक होतं. पोरीचं तोंड उतरलेलं तुला बघवलं नाही, एवढंच. मग मला रडू आलं. तुझे आभार मी कधी मानले नाहीत, मायलेकींत कोण मानतं? आता मानते. तू दिलेलं दुसरं काहीच मला इतकं पुरलं नाही.

तिथूनच पुण्याला फोन केला. म्हटलं, दोनदापूर आहे तसंच राहील. पाणी गेलंच म्हणणार, वॉलमन राहणार, निळा रंगही राहणार. नसेल जमत तर राहू द्या पुस्तक. बाईंनी एकेक गोष्ट पुन्हा विचारून घेतली. शेवटी म्हणाल्या, "बरं, पण मागे चंद्राचं एक पान घाला." ते मी घालते. तू असतीस तर त्या चंद्राच्या हातातही चावी द्यायला लावली असतीस.

हे पत्र कुठं टाकणार? चित्रांच्या कपाटात ठेवून देईन. फक्त एक सांगायचं राहिलं. मीही बाटली भरून आणलीय. हल्ली घरात नीळ नसते, कोपऱ्यावरच्या दुकानातून आणली आणि लेक शाळेतून यायच्या आत दोन थेंब टाकले. तिनं बाटली उजेडात धरून विचारलं, "आई, खरंच असं होतं?"

"अस्सं होतं," मी म्हणाले. "हुबेहूब अस्सं."