पिवळी राहात्याला, काळी माझ्या मांडीवर

रविवार, ९ नोव्हें.
संतापाने पेन कागदात रुततंय, म्हणून अक्षर असं. माझी पिवळी गिटार लिलावात गेली. चर्चमध्ये आज हंगामाचा सण. उपासनेनंतर अर्पणाचा माल हॉलमध्ये देवाच्या टेबलाभोवती लिलावाला मांडला: भोपळे, ज्वारी, कोंबड्या, ऊस. मी वाजवून उठले, गिटार उसाच्या मोळीला टेकवली आणि भात वाढायला गेले. परत येते तर टाळ्या! लिलाव पुकारणाऱ्या सॉलोमनला वाटलं, मीच ती अर्पण केली. एक वार, दोन वार, तीन वार. राहात्याच्या दाविदमामांनी सुनेसाठी घेतली. आणि पाळकसाहेब डोळे मिटून, माइकवरून, माझ्या उदारपणाबद्दल देवाचे आभार मानत होते. हातात भाताचा झारा घेऊन मी उभी. देवाचे आभार मानून झाल्यावर "थांबा, चूक झाली" कोण म्हणेल? आणि टेबलावरचं गेलेलं आमच्यात कोणी परत मागत नाही. भोपळासुद्धा.
मीही "आमेन" म्हणाले. दात आवळून.

१० नोव्हें.
टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले तेव्हा लोकांनी शाल दिली, मी स्वतःला पिवळी दिली. तिच्याआधी फक्त सिस्टरांनी शाळेत शिकवलेली साधी लाकडी. इलेक्ट्रिकवर हात बसला तो पिवळीवरच.
अशोकला फोन केला. धाकटा भाऊ, सावेडीत राहतो. आधी हसला गाढव. मग म्हणाला, "ताई, माझी काळी गिटार माळ्यावर पडलीय, घेऊन जा." पन्नाशीत हौसेने घेतली होती, हौस महिन्यात फिटली. संध्याकाळी स्वतः आणून दिली, पुसून, नव्या तारा घालून. हसल्याची निम्मी माफी.

१२ नोव्हें.
काळी म्हणजे पाटा. खांदा उतरला. नेक म्हणजे दांडी आखूड, तिच्यावरच्या फ्रेटच्या पट्ट्या जवळ जवळ. बोट सवयीने जातं ते पुढच्याच फ्रेटवर पडतं. तारा सैल, पिवळीच्या जोराने दाबल्या की सूर वर चढतो. आवाजाचं बटण पिवळीवर करंगळीखालीच होतं, इथे पार कडेला. करंगळी हवेत चाचपडते, आंधळ्यासारखी.

रविवार, १६ नोव्हें.
भर उपासनेत बेसूर. दुसऱ्या कडव्यात सगळी मंडळी एका सुरात, मी त्यांच्या किंचित वर. शेजारची एलिझाबेथ म्हणते, "काय गं, देवाच्या जवळ जायची घाई झाली काय?" तिची जीभ माझ्यासारखीच. म्हणून तर पटतं.
पाळकसाहेबांनी पुन्हा "त्या दानाचा" उल्लेख केला. आता ते थांबतील तर मी खरंच काहीतरी दान करीन.

२० नोव्हें.
रोज सकाळी काळी. आधी नुसतं बोट ठेवायचं, दाबायचंच नाही. मग सूर लागेल इतकंच दाबायचं. इतका हलका हात आयुष्यात कधी लावला नव्हता, ना तारेला, ना माणसाला. पट्टा चार बोटं वर घेतला, तेव्हा डावं मनगट सरळ झालं. हे कुणी सांगितलं नाही. माझं मीच.

२७ नोव्हें.
एक गोष्ट लक्षात आली, लिहून ठेवते. थंडी सुरू झाली की माझा आंगठा सकाळी अडकतो, दुसऱ्या हाताने सरळ करावा लागतो. आठवडाभर अडकला नाही. काळीवर बोटं फाकावी लागत नाहीत, म्हणून असेल. डॉक्टर मागे म्हणाले होते, गिटार सोडा. मी म्हटलं होतं, डॉक्टर सोडते.
देवा, तुझे आभार. सॉलोमनचे अजून नाहीत.

५ डिसें.
अशोकने तोंड उघडलं! कुणाच्या तरी साखरपुड्यात दाविदमामा भेटले आणि याने सगळी कहाणी सांगितली. मामांचा लगेच फोन. "सलाम बाई. आमाला काय म्हाईत वो! चुकून आलेली वस्तू घरात ठेवत न्हाई आमी. एकवीसला नाताळाच्या गाण्यांना येतोय, तवा घेऊनच येतो."
मी "आणा" म्हणाले. एक क्षणही न थांबता. मग ओट्यापाशी उभी राहून रडले. आनंदानेच. सोन्यासारखं माणूस. आणि अशोकची उरलेली निम्मी माफीही देऊन टाकली.

७ डिसें.
दुपारी मामांच्या सुनेचा फोन. रेश्मा. माहेर संगमनेर, लग्नाआधी कॉलेजात वाजवायची.
"मावशी, एकच इचारायचं हुतं. ते बटण करंगळीनं फिरवत सूर हळूहळू मोठा करायचा, तुमी सणाला करत हुता तसं, ते कसं? गिटार द्यायच्या आधी तेवढं शिकून घेते."
सांगितलं. म्हटलं, नेक लांब नाही का वाटत?
"लई! पैल्यांदा बोट पोचायचंच न्हाई. आता पोचतंय."
मग घरच्यांची चौकशी केली, तेव्हा कळलं. लग्न झाल्यापासून सासूबाई वाजवू देत नव्हत्या. सुनेने माइकसमोर बसायचं नाही. पिवळी आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या, देवाच्या टेबलावरून आलीय, तिला नाही कसं म्हणायचं, वाजव. आता रेश्मा दर रविवारी राहात्याच्या चर्चमध्ये वाजवते.
"आता चुकून आलेली म्हणल्यावर..." एवढंच म्हणाली. मग, "ठेवते मावशी, दूध उतू चाललंय."
काही मागितलं नाही तिने. मागितलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

९ डिसें.
अशोक म्हणाला, "काळी ठेव कायमची, माळ्यावर तिला तरी काय सुख होतं?" एलिझाबेथ म्हणते, "तुझी वस्तू तू घे. सासूचं सासू बघेल." दोघंही बरोबर. म्हणून दोघांचाही राग येतो.

१४ डिसें.
काळीवर तिन्ही कडवी, सुरात. पाळकसाहेब भाषणात दान विसरले. त्यांचेही आभार.

रविवार, २१ डिसें.
राहात्याचे आले. उपासनेआधी सरावाला रेश्माने पिवळी माझ्या हातात ठेवली, मी काळी तिच्या. पिवळीचा आवाज! पण बोटं फ्रेटच्या अलीकडेच पडायला लागली, आणि दुसऱ्या गाण्यातच आंगठा अडकला. तिकडे रेश्मा काळीच्या तारा अशी दाबत होती की सूर थेट छपराला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून इतक्या हसलो की एलिझाबेथने डोळे वटारले. मग आपापल्या सवयीच्या घेतल्या, तिने पिवळी, मी काळी, आणि वाजवलं. चांगलं झालं. खरंच चांगलं. करंगळीचं ते तिला माझ्यापेक्षा नाजूक जमतं. सासूबाई पहिल्या बाकावर, पदर डोक्यावर, नजर सुनेच्या हातावर.

जेवणानंतर सगळ्यांना घरी चहाला आणलं. मामा फाटकापाशी जीप उघडून, "बाई, गाडीत कोनची ठेवू?"
सासूबाई म्हणाल्या, "त्यांना काय इचारता? त्यांची हाय, त्यांना द्या. चुकीचं धन नको."
मी म्हटलं, "आधी चहा." आणि साखरेच्या निमित्ताने आत आले. तेच लिहितेय. उभ्याने.
चुकून नव्हती गेली, मीच दिली होती, असं म्हणायला एकच वाक्य लागेल. खोटं असेल. की दीड महिन्यात खरं झालंय?
आंगठा अजून दुखतोय. कानात मात्र पिवळीच.
चहा उकळला. खिडकीतून दिसतंय, दोन्ही गिटारी बाहेरच्या कट्ट्यावर आहेत आणि त्यांच्या मध्ये रेश्मा बसलीय, हात मांडीखाली दाबून. एकीलाही हात लावत नाही.
मामा पुन्हा हाक मारताहेत.