आठवी सूचना

६ फेब्रुवारी १९६१, सोमवार

फटफटीची बॅटरी मेली आणि मार मला! काल दुपारभर किका मारत होता. गाडी ढिम्म. शेवटी तिला आंब्याच्या बुंध्याशी ढकलून दिलं आणि वळला माझ्याकडे. मी पडवीत तांदूळ निवडत होते. पहिली लाथ सुपाला, दुसरी मांडीला. आज वर्गात खुर्चीवर बसता येत नव्हतं. तिसरीच्या मुलांचे पाढे उभ्यानेच घेतले.

ही वही शाळेच्या कपाटात राहते, जुन्या हजेरीपटांच्या खाली. कपाटाची आणि शाळेचीही किल्ली माझ्याकडे, रविवारीही येता येतं. घरात मी त्याला 'अहो' म्हणते, चारचौघांत 'आमचे हे'. इथे 'तो'. इथे मला कोण मारणार?

९ फेब्रुवारी

गणित सोपं आहे. तो बाहेर असला की मी सुखी. तो घरी असला की मार. दुसरीतल्या पोरालाही सुटेल.

मार्चपासून त्याला मुंबईच्या आंबेवाल्या शेटजीसाठी बागा फिरायच्या असतात — मिठबाव, देवगड, वर तळेऱ्यापर्यंत. सकाळी जातो, दिवेलागणीला येतो, थकून झोपतो. तेवढे तीन महिने माझं अंग बरं असतं. पण गाडी लढाईतली, मिल्ट्रीच्या लिलावातली. बॅटरी नाही तर ठिणगी नाही. गाडी बंद तर तो घरात! मला नवी बॅटरी हवी. त्याच्याहून जास्त मलाच हवी.

१२ फेब्रुवारी, रविवार

आज पडवीत कागद पसरून बसवलं मला. तळेऱ्याच्या धोंडू मिस्त्रीने इंग्रजी माहितीपत्रकं दिली आहेत. तो मराठी चौथी, मी इंग्रजी सातवी. "वाच. काय लिवलाहा ता सगळा वाच." अडखळले की डोक्यात टपली. अशा तऱ्हेने माझा बॅटरीचा अभ्यास चालू आहे. एवढं ज्ञान तालुक्यात दुसऱ्या बाईला नसेल!

दोन आहेत. एक खारेपाटणला, मोडीत निघालेल्या जीपची. सहा व्होल्टचीच, पण केवढी तरी! दुसरी कोल्हापूरहून मागवायची. नवी, लहान, गाडीच्या खोक्यात बरोबर बसणारी. त्याचा जीव जीपच्या बॅटरीवर. "रेड्यासारखी आसा ती! दहा वर्सा मरूची नाय."

मी म्हटलं, नाकापेक्षा मोती जड. खोक्यात मावणार नाही, मागे दोरीने बांधावी लागेल. आणि गाडीचा डायनॅमो एवढासा, तो तिचं पोट कधी भरणार? लिहिलंय ना इथे.

"लढाईत गाडी मिया चालवलंय, तुझ्या बापाशीन नाय!" — आणि डाव्या कानावर. तो कान गेल्या वर्षीच गेला आहे. तिथे मारलं की नुसता ढोलासारखा घुमतो. मुलांनासुद्धा ठाऊक आहे, बाईंशी बोलायचं तर उजवीकडे उभं राहायचं. का, ते कुणी विचारत नाही.

१४ फेब्रुवारी

सासूबाईंनी तोडगा काढला. "भांडतास कित्या? देवाक इचारा. देव सांगात ता करूचा." बॅटरी कुठली घ्यायची ते देवाला विचारायचं! हसू आलं. त्यांनी मुलाला माझ्या अंगावरून कधी ओढून काढलं नाही, पण देवळात मात्र ओढून नेलं. आणि तो गेला! मला भीत नाही, आईला भीत नाही, कौलाला भितो.

भिकाजी गुरवाने पाषाणावर दोन्ही बाजूंनी ओल्या पाकळ्या चिकटवल्या आणि सासूबाईंच्या नावाने गाऱ्हाणं घातलं — "बा देवा म्हाराजा, ही यमुना झिलाच्या गाडयेसाठी तुझ्या पायाकडे इली आसा. नयी बॅटरी घेवची आसात तर उजवो दी, जीपची घेवची आसात तर डावो दी..." "व्हय म्हाराजा!" म्हणायला आम्ही तिघंच. मी सर्वांत मोठ्याने म्हटलं.

अर्धा तास एकही पाकळी हलेना. मग उजवीकडची सुटली. नवी!

देवा, तुझे उपकार फेडू कशी? तीन महिने दिलेस.

१५ फेब्रुवारी

"देवाक फितवलंस गो?" — देवळातून घरी येईपर्यंत दम धरला होता त्याने. पायरीवरच धरलं. केसांनी. देवाला मारता येत नाही, मी आहेच.

२६ फेब्रुवारी, रविवार

बॅटरी आली. धोंडू मिस्त्रीने तळेऱ्याला ॲसिड भरून, तिचं पहिलं चार्जिंग करून दिली. सोबत एक छापील कागद, इंग्रजीत. सूचना अकरा.

त्याने ती घरापुढच्या खळ्यात मांडली, हातात पाना, शेजारी सासूबाई. "मोठ्यान वाच." मी एकेक वाचून मराठीत सांगत होते. झाकणं घट्ट ठेवा. पाणी पट्ट्यांच्या वर ठेवा. विहिरीचं घालू नका, पावसाचं गाळून साठवलेलं चालेल. सातवीत एक शब्द अडला. एकच! पाना तोंडावर आला. फेकला नाही, मारला. ओठ फाटला, पुढचा दात हलतो आहे. सासूबाई म्हणाल्या, "अगो, पदर लाव, कागदार रगात पडात."

मी पदर लावला. आठवी सूचना वाचली. मग नववी मोठ्याने सांगितली — ॲसिड अंगावर उडालं तर भरपूर पाण्याने धुवा. मग दहावी. मग अकरावी.

"किती झाले?"

"दहा," मी म्हटलं.

२७ फेब्रुवारी

तोंडात रक्त होतं म्हणून ओळ सुटली असेल.

खोटं! इथे तरी खोटं नको. सुटली नाही. आठवी सूचना अशी — झाकणं उघडी असताना ज्योत जवळ नेऊ नये, आत साठलेला वायू भडकतो. ती मी मनात वाचली आणि पुढे गेले. तो कुठेही काडी ओढून बघतो. पेट्रोलच्या टाकीतसुद्धा बघितलंय त्याने, भुवया जळल्या तरी अक्कल आली नाही. हे सगळं मला वाचताना ठाऊक होतं. कागद आज चुलीत घातला.

११ मार्च

गाडी सुरेख चालते. सकाळी जातो, सांजेला येतो. तेरा दिवस हात लागलेला नाही! ओठ भरून आला. वर्गात आज गोष्ट सांगितली, मुलं हसली, मीही हसले. हे सगळं त्या छोट्या काळ्या खोक्याने केलं. माझी निवड.

१६ मार्च

काल जेवताना म्हणाला, "तुझी बॅटरी बरी निघाली गो." तुझी! लग्नाला नऊ वर्षं झाली, पहिल्यांदा माझं काही बरं निघालं. तेव्हाच सांगणार होते — अहो, एक सूचना राहिली. जिभेवर आलं होतं. पण मग विचारेल, त्या दिवशी का नाही वाचलीस? आणि मग काय होईल ते मला माहीत आहे. उद्या सांगते. त्याचा मूड बघून.

१७ मार्च

सांगितलं नाही.

२४ मार्च

डाव्या हाताने लिहितेय. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं.

तळेऱ्याच्या हॉटेलात कुणीतरी चिडवलं त्याला — "रविकांत, बायलेक इचारून गाडी चालवतस काय रे?" सगळे हसले म्हणे. तिथे तोही हसला. घरी येऊन माझा उजवा हात उंबऱ्यावर ठेवला आणि वरून बूट. दोन बोटं. "आता वाच. आता लिव. आता शिकव माका!" सासूबाई आत देवाला दिवा लावत होत्या. लावतच राहिल्या.

हेडमास्तरांना सांगितलं, पाटा पडला. ते "सांभाळून हां बाई" म्हणाले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

आता सांगणार नाही. कधीच नाही. मर तू!

२ एप्रिल

रोज वाट बघते. लिहून ठेवते इथे — मी वाट बघते. तो झाकण उघडेल कधी? ऊन वाढलं आहे. बॅटरीतलं पाणी आटतं उन्हात. तिसरी सूचना.

१५ एप्रिल, शनिवार

काल झालं.

दिवेलागणीला तळेऱ्याहून आला. एवढ्या लांबून येताना बॅटरी सारखी भरत असते, तेव्हाच आत वायू साठतो. गाडी खळ्यात लावली आणि म्हणाला, "पानी कमी झालाहा वाटता." झाकणं काढली. आत काळोख. खाली वाकला. खिशातून पेटी काढली.

मी तुळशीपाशी होते, दहा पावलांवर. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. माझं तोंड उघडलं होतं — हे खरं आहे, देवाशपथ उघडलं होतं. आवाज आला नाही. की मी आणला नाही? काडी ओढल्याचा आवाज आला.

मग बार. दिवाळीतला मोठा असतो तसा. काळे तुकडे आंब्यापर्यंत उडाले. आणि तो ओरडला. नऊ वर्षं मी त्या घरात ओरडते आहे, मला वाटायचं माणसाचा आवाज तेवढाच चढतो. नाही. याहून खूप चढतो. दोन्ही हात डोळ्यांवर, गुरासारखा लोळत होता, शर्ट अंगावरच विरत होता. सासूबाई खोबरेल घेऊन धावल्या. मी उभी. किती वेळ उभी होते ठाऊक नाही. नववी सूचना आठवत होती, शब्दन् शब्द.

मग घागर उचलली आणि ओतली. मग दुसरी. विहिरीवर सात खेपा केल्या, मोडक्या बोटांनी.

२२ एप्रिल

डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा गेला आहे. डाव्याने फार तर उजेड-अंधार कळेल. पाणी ओतलं नसतं तर चेहराही राहिला नसता. वॉर्डात सगळे मला नावाजतात. शेजारची तुळसा भेटायला आली होती, गळ्यात पडून रडली. "तू होतंस म्हणान जीव वाचलो गो!"

धोंडू मिस्त्री आला. खाटेशी बसून म्हणाला, "अरे, कागदात लिवलेला आसता, काडी धरू नको म्हणान. वाचूक नाय?"

तो पट्ट्यांतून म्हणाला, "तिना वाचल्यान आसतला. मीच इसारलंय."

मी बाहेर जाऊन ओकले.

६ मे

शाळेला सुट्टी लागली. वही घरी आणली. आज पडवीत बसून, त्याच्यासमोर लिहितेय. टाकाची कुरकुर ऐकून विचारतो, "काय करतंस?" मी म्हणते, हजेरीपट. मान हलवतो.

आंब्यासाठी फटफटीवरून फिरायला शेटजींनी दुसरा माणूस नेमला. गाडी मांगरात गवताच्या भाऱ्यांमागे पडून आहे. ज्याच्यासाठी सगळं केलं तेच उलटलं — तो बाहेर जावा म्हणून बॅटरी निवडली, आता तो कायमचा घरी!

सासूबाई जेवत नाहीत. "कौल मियाच मागलंय. माझ्याच तोंडान." कपाळ खांबावर आपटतात. काल रक्त आलं. एक वाक्य बोलले असते तर थांबल्या असत्या. नाही बोलले. तेव्हा त्याही नव्हत्या बोलल्या.

२८ मे

तो मारत नाही. मी जवळ गेले की हात पुढे करतो, आणि मी अजून अंग चोरते. तो फक्त भिंत शोधत असतो.

११ जून, रविवार

आज मी त्याला मारलं. पाणी मागत होता, सारखं. सासूबाई देवळात गेल्या होत्या. उजव्या हाताने, गालावर, जोरात. तो भिंतीशी सरकला आणि म्हणाला, "कोण आसा?" घरात आम्ही दोघंच. आणखी एक दिली. बरं वाटलं मला.