शालूची उलटी बाजू

प्रिय उन्नती,

ब्लाउजच्या पाठीत हाताला काहीतरी कडक लागलं आणि तू टाका उसवलास, म्हणजे माझी पोर अजून जागी आहे. हा कागद न्हाणीत कडी लावून वाच आणि वाचून झाला की बादलीत बुडव. मुद्दाम शाईच्या पेनानं लिहिलाय, पाण्यात गेला की कोरा होईल. कामाचं सगळं शेवटी लिहिलंय. आधी लिहिलं असतं तर घाबरून बाकीचं वाचलंच नसतंस, आणि मला तुझ्याशी थोडं बोलायचंय. फोनवर बोलतो ते काय बोलणं झालं? तुझ्यामागे कुणीतरी उभं असतं. त्याचा श्वास मला ऐकू येतो.

इकडचं म्हणशील तर दुकान चाललंय. भिवंडीत अर्धं गाव कापडाच्या मागांनी बहिरं केलंय, आणि मी एकटा त्याच मागांवर कानाला धार लावून आलो. ताग्याचा पोत बोटांनी बघायच्या आधी तो फडकवून ऐकतो म्हणून व्यापारी अजून हसतात. चिंध्या विकणारा लडकू ‘लडकूशेठ’ झाला तो कानावर आणि एका वाक्यावर. ते वाक्य तुला पाठ आहे. सणाचा कपडा कपाटात मेला तर पाप लागतं. आपल्या काल्हेरच्या बायका आधी हसायच्या, मग शालू घेऊन यायच्या. थंडीत त्याच शालूवर मखमलीचं लांब हातांचं पोलकं, वैशाखात पातळ सुती खणाचं, पावसात काठ चार बोटं वर घेऊन फॉल बदललेला, म्हणजे चिखल लागत नाही. एक लग्न, तिन्ही ऋतू. परवा एकजण म्हणाली, “शेठ, तुमच्यापायी आमचा नवरा नवीन साडीच घेत न्हाय. तुमच्या तोंडाला कुलूप लावायला पायजे.” सगळं दुकान हसलं. मीही हसलो, पण ‘कुलूप’ हा शब्द कानातून अजून गेलेला नाही.

तुझा शालू मी बनारसच्या माणसाकडून स्वतः निवडला होता. तुला तो आवाज आठवतो? वाळक्या पानांवरून मांजर गेल्यासारखा. दिवाळीला तू तो नेसून आलीस, माघात नणंदेच्या हळदीला नेसलीस, आणि मी चारचौघांत छाती काढून सांगितलं, बघा, शेठची पोर शेठचं ऐकते. वैशाखात त्यांच्या भावकीतल्या लग्नातही तोच होता. उन्हाळ्याला शोभेल असं सुती पोलकं मीच धाडलं होतं, पण तू मखमलीचं घातलं होतंस. घामानं कपाळ भिजलं होतं. मी विचारलं तर म्हणालीस, सुती मिळालं नाही. कपाटात असेल कुठंतरी, असं समजून मी जेवायच्या पंगतीत जाऊन बसलो.

मग ज्येष्ठात, साध्या मंगळवारी दुपारी, मी फोन केला. ना सण, ना पाहुणे. तू खुर्चीत बसलीस आणि मला फोनमध्ये शालू ऐकू आला. मला वाटलं भास झाला. तू पाय हलवलास, पुन्हा तोच आवाज. मी चेष्टेनं विचारलं, काय गं, आज कुणाचं लग्न? तू हसून म्हणालीस, “बाबा, तुमचंच ऐकते ना, वापरून टाकते.” हसू अर्ध्यावर राहिलं, आणि मागे कुणाच्या तरी चपला थांबल्या. पुढच्या आठवड्यात फोन केला, तेव्हाही शालू. आषाढात, शेणामातीच्या दिवसांत, शालू. तुझ्या आईला सांगितलं तर ती भाकरी थापायची थांबली. म्हणाली, “पोरीकडं दुसरं नेसायला नाहीये.” जे मला कानांनी कळत होतं ते तिला एका वाक्यात कळलं.

ते खरं असल्याचं काशी मावशीकडून कळलं. तुझ्या सासरी, वळ गावात, सगळ्या हळदींत धवले, लग्नाची गाणी, म्हणणारी बाई. तिला स्वयंपाकघरापर्यंत कुणी अडवत नाही. तिनं सांगितलं, तुझी साड्यांची पेटी तुझ्या नवऱ्यानं, प्रितमनं, माळ्यावर नेऊन तिला कुलूप घातलंय. गाऊन, पंजाबी, सगळं. पोटाला भाकरी आहे, अंगाला फक्त लग्नाचा शालू आहे. तुझी सासू धोंडूबाई हसून म्हणते म्हणे, “आमची सून रोज नवरी. बापाचीच शिकवन हाय.” उन्नती, हे ऐकून मी दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन कात्री हातात घेऊन नुसता उभा राहिलो. काय कापायचं ते सुचेना.

आपली काल्हेरची रस्त्यालगतची जागा त्यांना गोदामाला हवी आहे, हे मला तुझ्या लग्नातच कळलं होतं. प्रितमनं हसत बोलून दाखवलं, मी हसत टाळलं. त्यांनी तुला बापाकडे शब्द टाकायला लावलं आणि तू टाकला नाहीस, हे मला काशीकडून कळलं. का नाही टाकलास गं? तुझ्यापुढे ती जागा काय आहे? मी दोन जाणती माणसं घेऊन तुमच्या दारात आलो तो सही करायच्या तयारीनंच आलो होतो. आठवतं ना? तू चहा घेऊन बाहेर आलीस. शालू, मोठं कुंकू, हातभर चुडा. मी म्हणालो, जागा घ्या, पोरीला चार दिवस माहेरी पाठवा. प्रितम म्हणाला, “कसली जागा, बाबा? आम्ही काय मागलंय का?” चार माणसांत मागायचं नाही आणि दाराआड सोडायचं नाही, असा तो हिशेब आहे. बाहेर पडल्यावर माझ्याबरोबर आलेल्या एका म्हाताऱ्यानंच मला झापलं. “काय रं लडकू, पोर नवरीवानी नटून बसलीय, आजून काय पायजे तुला? ज्या बाईला छळतान तिला शालू नेसवतान का?” मी कुणाला काय दाखवणार होतो? माझ्या पोरीच्या अंगावरचा पुरावा त्यांच्याच बाजूनं बोलत होता.

चहा देताना तू माझ्याकडे बघितलं नाहीस. पण कप बशीवर वाजत होता. सगळ्यांनी शालू पाहिला, मी तो कप ऐकला.

तेव्हापासून मला झोप नाही. कपडे कुलपात घालणाऱ्याला जागा दिली तर उद्या तो आणखी काय कुलपात घालेल, हा एकच विचार. आणि त्यांची अक्कल मला आता कळलीय. दाराला टाळं लावायची गरजच नाही. भर पावसात एकटी बाई शालू नेसून रस्त्यावर आली तर रिक्षावाल्यापासून पानवाल्यापर्यंत दहाजण विचारतील, वहिनी, कुठं निघालात? आणि पाच मिनिटांत कुणीतरी प्रितमला फोन करेल. मी आयुष्यभर विकलेल्या अकलेचा त्यांनी तुरुंग केला.

आता कामाचं. गौरीला माहेरचा खण आला तर सासू परत धाडत नाही, म्हणून हे ब्लाउज काशीच्या हाती आजच देतोय. धोंडूबाई ते उलगडून बघेल, जरीचं आहे, खूश होईल. तू ते उलटं कर. आतलं अस्तर म्हणजे विटकं, चारदा धुतलेलं सुती पोलकं आहे. हूक लावलेले नाहीत, नाड्या आहेत, शिवण दोन्हीकडून झाकलीय. माझ्या हातानं इतकं बारीक काम कधी केलं नव्हतं. गौरीविसर्जनाला सगळं घर खाडीवर जाईल. धोंडूबाईचे गुडघे धरलेत, ती पुढच्या ओटीवर बसून मिरवणूक बघेल आणि तुला तिच्या सोबतीला घरी ठेवतील. त्या वेळी न्हाणीत जा. पैंजण काढ, चुडा काढ, जोडवीसुद्धा काढ, फरशीवर वाजतात. शालू बादलीत बुडवून पीळ. ओला शालू वाजत नाही आणि चमकत नाही. मग तो उलटा नेस, जरीची पाठ बाहेर. दहा पावलांवरून ती मळक्या साडीसारखी दिसते, मी आईला दुकानातला तसाच शालू नेसवून अंगणातून बघितलंय. ओचा वर खोचून पोटऱ्या उघड्या ठेव, गोदामातल्या बायका नेसतात तशी. संध्याकाळी शिफ्ट सुटली की पाड्यावरच्या त्या बायका तुमच्या मागल्या दारावरून दापोड्याकडे जातात. त्यांतली देवकी आपल्या दुकानातून गोधडीला चिंध्या नेते. ती तुमच्या दाराशी थांबून पायातला काटा काढल्यासारखं करेल. तिच्या हातात जास्तीची प्लॅस्टिकची खोळ असेल. ती डोक्यावर घे आणि त्यांच्या मधोमध चाल. धावू नकोस, मागे बघू नकोस. त्या भांडत, हसत चालतात, तूही तोंड हलव. दापोड्याच्या वळणावर आपला टेम्पो उभा असेल, इंजिन चालू ठेवून. तुझी पावलं मला इतक्या बायकांतूनही कळतील. त्या दिवशी जमलं नाही तर दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, मी त्याच वळणावर असेन. माझ्याकडे दुसरा डाव नाही, पोरी. हा एवढाच आहे. तुझ्या आईनं टेम्पोच्या सीटवर तुझा तो निळ्या फुलांचा जुना गाऊन घडी करून ठेवलाय, कोपरावर उसवलेला. मी शिवतो म्हणालो तर तिनं हात लावू दिला नाही. टेम्पोचं दार लागलं की आधी तो घाल.

वळणावर वाट बघणारा, तुझाच
बाबा