नाल्यावरचे तीन झाडं

मन्याच्या बाबा,

नाई, मीनं त्याले हात लावला नाई. शिवीबी देल्ली नाई. तुमच्या लहान भावाले मीनं पाटावर बसवलं, चहा पाजला, आन् त्याचं गाव काढून घेतलं. बस, एवढंच केलं.

काल मोहाचं फूल टपकाचं संपलं. वाळलेलं फूल ढोलीत भरलं, अंगन सारवलं, आन् घरात बोलाले कोनी नाई म्हनून तुमालेच लिवून राह्यली. चौथी शिकलेल्या बाईचं पत्र हाये, हसू नका. तुमाले त तेवढंबी येत नव्हतं. तिथी कोनाकडून वाचून घ्या, पन गुलाबच्या गोष्टी याच्यात हायेत, म्हनून गावातल्याच मानसाकडून घ्या. त्यालेबी मजा येईन.

तुमी गेले तो दिवस आठवते काय? जबरानजोतीचं वावर गेलं होतं. तुमच्या बापानं झुडपं तोडून काढलेलं, पन कागद नाई म्हनून जंगलवाल्यायनं खांब गाडले आन् आपल्या धानाच्या बांध्यात सागाचे रोपं लावले. तुमी चार दिवस बांधावर बसून राह्यले. मीनं म्हटलं, रोपं मोठे होतपर्यंत बसता काय? तेवढ्यात गुलाब आला. टेरिकॉटचा पँट, डोळ्याले काळा चष्मा, खांद्याले रेडू. म्हने, दादा, घुग्घुसले चाल, कोळसा भराचं काम हाये, एका पावसाळ्याचीच त गोष्ट हाये.

तुमी गेले. मले वाटलं भाऊ भावाले घेऊन चालला. भाऊ मुकादम झाला, आन् मानसामागं ठेकेदार त्याले काही देते, हे मले मंग समजलं. तुमाले माहीत होतं काय? असन, आन् मले सांगतलं नसन. तुमचं तसंच होतं.

पोळ्याले आले तवा साबन आनली, आरसा आनला. खोकलले का दुपट्ट्यावर काळं पडे. मी म्हनो, तुमी आधीच काळे, आता अंधारात फक्त दात दिसतेत, दिवा तरी कायले लावू? तुमी हासले, आन् हासताहासता पुन्हा खोकलले. तवाच धरून बसवाले पाह्यजे होतं. पन तुमी कधी बसले काय माजं ऐकून?

मंग एका दिवशी गुलाब एकटाच आला. म्हने, दादा गेला, ताप होता, माती देल्ली. कवा? म्हने, झाले आठ दिवस. आठ दिवस मी तुमच्या नावानं कुकू लावून राह्यली होती! मले तोंड पाहू देल्लं नाई, मन्याच्या हाताचं पानी पडू देल्लं नाई. मीनं इचारलं, खबर काऊन नाई देल्ली? म्हने, येष्टी नव्हती, वयनी. रोज सकाळची येष्टी येते ना आपल्या गावाले!

त्या दिवशी मी रडली नाई. मीनं तवाच ठरवलं का याले मी पाह्यतो.

दोन सालं वाट पाह्यली. या दोन सालात गाव कसं झालं पाहाल त ओळखनार नाई. अर्ध्या घराले कुलूप. कवेलू फेराले मानूस नाई, म्हनून मीच चढली छपरावर. खालून भागाबाई म्हने, रांडमुंड बाई छपरावर चढते काय? मीनं म्हटलं, तुजा मानूस धाड, मी उतरतो. तिचा मानूसबी घुग्घुसलेच! मंग ती गपचूप कवेलू उचलून देऊ लागली.

अवंदा होळीच्या आधी गुलाब आला. तुमाले नेलं, आता त्याले मन्या पाह्यजे होता. पोराले नवे बूट घेऊन आला. मन्या ते घालून अंगनात चाले, आन् मी त्याच्या पायाकडे पाहो. मंग चहा ठेवला.

गुलाब दरसाल दोन कामं करे. नाल्यावरच्या आपल्या तीन मोहाखाली एक दिवस खराटा मारे, पाला जाळे. आन् मंग गावातले पोरं जमवून नेये. तुमाले माहीतच हाये आपल्या गावचा कायदा: मोह टपकाच्या आधी ज्यानं झाडाखाली झाडलं, त्या सालचं फूल त्याचं. आन् ज्याचं घर बाहेर, त्यानं एकबी साल खराटा चुकवला, त झाड गेलं आन् गावपनबी गेलं, मंग तो गावचा मानूस नाई. गुलाबले फुलाची काय गरज? त्याले गावपन पाह्यजे होतं. आपला मानूस हाये म्हनूनच त मायबाप त्याच्या हाती पोरं देत.

चहा पिऊन तो नाल्यावर निंगाला, मीबी मांग मांग गेली. म्हटलं, भाऊजी, कायले घाई करता? अवंदा थंडी लांबली, मोह रामनवमी झाल्यावरच टपकन. रामनवमीलेच गाडी घेऊन या, खराटाबी मारा आन् पोरंबी न्या.

आन् त्यानं वर पाह्यलं, मन्याच्या बाबा. त्याच्या डोक्यावर कळ्या लटकून राह्यल्या होत्या, अशा भरल्या का चार दिवसात टपकतीन. लेकराले दाखवलं त लेकरू सांगन. आन् तो मान हालवून म्हने, हो वयनी, अजून टाइम हाये.

मी पदर तोंडात कोंबून घरी आली. कोळशाच्या धुरानं आपलं मानूस एवढं आंधळं होते काय? मंग हासू थांबलं. तुमीबी तिथी आनखी राह्यले असते त असेच झाले असते.

तो गेला, आन् मीनं तिसऱ्या दिवशी तिन्ही झाडाखाली झाडलं, पाला जाळला. देवाजी पाटलाले बोलावून राखबी दाखवली.

रामनवमीले गुलाब मेटाडोर घेऊन आला. पोरं चढून बसले, मन्याबी बसला. मी टोपलीभर फूल घेऊन गाडीसमोरच उभी राह्यली.

"वयनी, माज्या झाडाखाली कोनं झाडलं?"

"मीनं झाडलं. तुमाले टाइम होता ना, भाऊजी?"

देवाजी पाटील म्हनाले, "गुलाब, तुजा खराटा नाई चालला. झाड गेलं."

त्याले राग आला, आन् रागात मानूस खरं बोलते. म्हने, "ठेवा तुमचे झाडं. मले या गावाची गरज काय?"

बस, मले हेच ऐकाचं होतं. गाडीपाशी पोरायच्या सगळ्या माया उभ्या होत्या. मीनं हळूच इचारलं, "गावाची गरज नाई, त गावचे पोरं कोन्या तोंडानं नेता? माज्या मालकाले माती देल्ली तवा खबर काऊन नाई धाडली? पाटलासमोर सांगा."

तो इकडेतिकडे पाहे. मंग म्हने, "ठेकेदार म्हने, खबर गेली त लोकं येतीन, भांडन होईन. मी काय करू, वयनी?"

भागाबाईनं पोराची पेटी गाडीतून ओढली. मंग दुसरीनं. मन्यानं बूट काढले, मुकादमाच्या सीटवर ठेवले आन् अनवानी खाली उतरला. गाडी रिकामी गेली. मी मांगून म्हटलं, भाऊजी, पुढच्या साली थंडी कमी राहीन, लवकर या!

तुमाले थंडावा वाटला काय? मले वाटला. झूट कायले बोलू?

आन् आता वचन देतो. जित्ती हाओ तोपर्यंत तिन्ही झाडाखाली खराटा माजाच चालन. गुलाब मरन तवा त्याले या गावात लाकूडबी भेटनार नाई, मातीबी भेटनार नाई. तुमाले त्यानं परक्या जागी टाकलं, तोबी परक्याच जागी पडन. त्याच्या बायकोले मात्र मी खबर वेळेवर धाडीन. तेवढा फरक त्याच्यात आन् माज्यात राहू द्या.

एक गोष्ट सांगाची नव्हती, पन तुमच्यापासून काय लपवू? मन्या गेला. गुलाबसंग नाई, आपल्या मनानं, माजरीले, कोळशाच्याच खदानीवर. म्हने, माय, मोह त महिनाभरच टपकते, बाकी सालभर काय खाचं? शिदोरी मीच बांधून देल्ली, आन् सकाळच्या येष्टीले हातबी मीच दाखवला.

तुमची,
अनसू