धुण्याच्या खोलीतला टायगर

२ ऑक्टोबर
रसेल येऊन गेला. पोटचा मुलगा, पण बोलतो घरं विकणाऱ्या दलालासारखा. म्हणे, आई, गावात म्हाताऱ्यांसाठी नव्या खोल्या झाल्यात, भिंतीला भिंत, पलंगाशी घंटा. म्हटलं, घंटा गाईच्या गळ्यात बांध. म्हणे, ख्रिसमसपर्यंत विचार कर.
तो फाटकाबाहेर पडायच्या आत विचार झाला. टायगर स्नेक पाळायचा. तिथे कुत्रं चालत नाही, टायगर काय चालणार! आणि जिला सरकार असल्या जहरी सापाचं परमिट देतं, तिला एकटं राहणं झेपत नाही असं कोण म्हणेल?

४ ऑक्टोबर
सरकारी ऑफिसला फोन. नाकात बोलणारी पोरगी. आधी ट्रेनिंग, मग परीक्षा, कुलपाची खोली, मग इन्स्पेक्टर. चौथीनंतर शाळा पाहिली नाही मी, पण कोंबड्यांच्या खुराड्यात जितके साप पाहिलेत तितके तिने चहाचे कप पाहिले नसतील. महिन्याचं काम.

११ ऑक्टोबर, सकाळ
धुण्याची खोली रिकामी केली. मशीन व्हरांड्यात. फटी सिमेंटने बुजवल्या. दाराला आपोआप लागणारं कुलूप. शेजारची एनिड कुंपणावरून ओरडली, मर्ल, आता कपडे साप धुणार का गं? म्हटलं, तुझे मोजे टाक, बिचारा स्वतःलाच चावून घेईल.

संध्याकाळ
किल्ली आत राहिली. कुलूप उत्तम आहे.

१९ ऑक्टोबर
ट्रेनिंग. शिकवणारा लॅक्लन. दाढी मोठी, आवाज अंगाई गातोय असा. साप चावला तर जागचं हलायचं नाही, हातापायाला घट्ट पट्टी गुंडाळायची. मी त्याच्याच पायाला गुंडाळली. पाय निळा पडला. म्हणाला, आजी, जरा सैल. आजकालच्या पोरांचे पायच नाजूक.
दुसरं, साप बुटाशी आला तर पुतळा व्हायचं. पाय आपटायचा नाही. आम्हाला लहानपणी उलटं शिकवलेलं. गवतातून जाताना पाय आपटत जा, साप वाट सोडतो. अख्खं गाव तसंच चालतं, चर्चमध्येसुद्धा. पण पुतळा व्हायला काय शाळा लागते?

२ नोव्हेंबर
लोखंडी हुकाने बागेचा पाइप उचलायचा सराव. पाइप एकदाही चावला नाही. मी तयार आहे.

९ नोव्हेंबर
परीक्षा. टायगर हुकावर उचलायचा, पिशवीत सोडायचा. उचलला. झकास. मग घसरला. आला माझ्या बुटाकडे. मी पुतळा झाले. निदान कमरेच्या वर झाले. पाय मात्र आपटला. मग दुसराही. टायगर वळला तो थेट लॅक्लनच्या उघड्या गाडीत, सीटखाली.
लॅक्लन त्याच अंगाईच्या सुरात जे बोलला ते इथे लिहीत नाही. म्हणाला, आजी, काय सांगितलं होतं मी? म्हटलं, गेला ना साप? मग?
नापास. जमीन पोकळ होती, पाय टेकला तरी दणदणते, त्याला मी काय करू?

१० नोव्हेंबर
लॅक्लनचा फोन. गाडी अजून अंगणातच, तो सायकलवर. म्हणे, टायगर पुढच्या वर्षी बघू, तोवर नवशिक्यांचं परमिट घ्या. त्यावर निळ्या जिभेचा सरडा मिळतो. अर्ज टाकला. सुरुवात छोटीच बरी. सरपटणारा तोही, परवाना सरकारी. रसेलला जिभेचा रंग सांगायची गरज नाही.

२८ नोव्हेंबर
इन्स्पेक्टर आला. खोली बघून म्हणे, आजी, एका सरड्यासाठी एवढा बंदोबस्त मी नाही पाहिला बुवा. तोंडावर कौतुक.

१८ डिसेंबर
रसेल आला. सांगून टाकलं, परमिट आलं, जनावर आलं, मी हलत नाही. घाबरत घाबरत आत गेला. हसत बाहेर आला. माझ्यासमोरच त्या म्हाताऱ्यांच्या खोल्यांच्या ऑफिसात फोन लावला. कुत्रं नाही, मांजर नाही. परवान्याचा, पेटीतला सरडा? अवश्य आणा म्हणे, बाकीच्यांना करमणूक. फोन ठेवून रसेल म्हणतो, आई, झालं ना तुझ्या मनासारखं?

२२ डिसेंबर
सबबच उरली नाही, सामान बांधलं. एनिडने हुक मागितला, कपड्याची दोरी खाली ओढायला. दिला नाही. सरडा पेटीत स्ट्रॉबेरी खातोय, जीभ काढून दाखवतोय.
तिकडची धुण्याची खोली सगळ्यांची मिळून एक आहे. काल बघून आले. कुठे फट नाही, पुढच्या वर्षीला चालेल.