साखळीच्या फटीतून तिळगूळ

२० जानेवारी १९८८, वाशी

आज तुर्भ्याच्या लॅबमध्ये नव्या मुलींना ऐटीत सांगितलं, "विषाणूचा डीएनए कापणारं एन्झाइम, म्हणजे आपली कात्री, जिवाणू घाईने काढत नाही. आधी स्वतःच्या डीएनएवर खुणा करतो, नाहीतर स्वतःलाच कापून बसेल."

घरी आले तोच बेल वाजली. साखळी न काढताच विचारलं, "कोण पाहिजे?"

"समोरची मी. तिळगूळ घ्या, गोड बोला. हळदीकुंकवाला याल ना?"

फटीतून तिळगूळ घेतला आणि म्हटलं, "मी कुठे जात नाही."

का म्हटलं असं? आपलं कोण, हे ठरायच्या आधीच माझी कात्री चालते. दोन वर्षं झाली इथे, तिचं नावसुद्धा माहीत नाही.

समोर बायका हसताहेत. तिळगूळ मुठीत चिकट झालाय.

आत्ता साखळी काढून आले. दार मात्र उघडलं नाही.