एक्स-रे फिल्मचे छापे

बाबा, उद्या चिखलीहून ट्रॉली येणार आहे. नवीकोरी, लाल. मालकानं फोनवर बजावलं, "छापा नाही चालत बरं, पेंटर. तुमच्या बाबानं माह्या बाच्या ट्रॉलीवर ब्रशनं नाव टाकलं होतं, तसंच पाह्यजे." मी हाव म्हटलं. म्हणताना उजवा हात खिशात होता आणि तिथंही तो थरथरतच होता. पोळ्यापासून हेच चालू आहे. आज सकाळी डब्याच्या झाकणावर एक सरळ रेघ ओढून पाहिली. गांडूळ निघालं, बाबा. लगेच फडक्यानं पुसलं, कोणी पाहू नये म्हणून.

छापा म्हटलं की तुमच्या कपाळावर आठ्या यायच्या. नांदुऱ्याच्या बाजारात पोत्यांवर पत्र्याचा छापा ठेवून काळा रंग फासणारे दिसले, की तुम्ही मला म्हणायचे, "ते काम नोहे बे. हातानं लिहिलेल्याले जीव असते." आणि एका उन्हाळ्यात तुम्हीच दवाखान्यातून जुन्या एक्स-रे फिल्मचा गठ्ठा घेऊन आले. कोणाच्या बरगड्या, कोणाचा मोडलेला पाय. आई ओरडली, "कोणाची हाडं घरात आणली हो?" दुसऱ्या दिवशी तीच स्वयंपाकघरात पोळपाट उलटा ठेवून ब्लेडनं अक्षरं कापत बसलेली. पहिलाच छापा तिनं बिघडवला. अक्षराच्या पोटातला गोल तिनं चहूकडून कापला, तो गळून पडला आणि नुसतं भोक उरलं. तुम्ही चिडले, "मधात काडी सोडत जाय ना! आतलं कशाच्या भरोशावर राहीन?" आई म्हणाली, "हाव, साऱ्यायले मीच धरून ठेवू." मग तुम्ही दोघंही हसत सुटले.

गावाला वाटलं, पेंटर शहाणा झाला, आता झटपट काम उरकते. मलाही तेच वाटायचं. तुम्ही पेन्सिलीनं खोडून खोडून अक्षर काढायचे, कापायची आई, भिंतीवर फिल्म दाबून धरायचो मी. तुमच्या हाती फक्त रंगाचा स्पंज. स्पंज टेकवताना हात हलला तरी बाहेर कोणाला कळते? आणि चहा! आई तुम्हाला अर्धाच कप द्यायची, तो संपला की उरलेला अर्धा. पाहुण्यांसमोर म्हणायची, "त्यायले गरम गरमच लागते." मी समजायचो, लाड आहेत. परवा माझा कप बशीवर वाजला, चहा पायजम्यावर सांडला, तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला.

भीती वाटते हो, बाबा. लय वाटते. शेवटी शेवटी आई तुम्हाला घास भरवायची आणि तुम्ही भिंतीकडं तोंड करायचे, ते डोळ्यांपुढून जात नाही. डॉक्टरकडं गेलो तर तो काहीतरी नाव सांगेल आणि मग ते घरात येऊन बसेल. नाही गेलो तर उद्या चार लोकांदेखत ट्रॉलीवर गांडूळ निघेल. बायकोला सांगतो, हाताला मुंग्या आल्या. किती दिवस येतील मुंग्या?

दुपारी ती दुकानात चहा घेऊन आली. कप अर्धाच होता. मी म्हटलं, "काऊन वं, अर्धाच?"

"गरम गरम घ्या. बाकीचा किटलीत हाये."

माझ्याकडं तिनं पाहिलंच नाही. फळीवरची तुमची एक फिल्म काढली, फुंकर मारून धूळ उडवली, उजेडात धरली. बरगड्यांच्या मधून तिचा चेहरा दिसत होता. मग विचारलं, "ब्लेड कोठी ठेवता तुमी?"

पेन्सिलीनं लिहितो आहे, तरी अक्षरं हलली आहेत. तुम्ही असते तर हे पाहून खेकसले असते, म्हणून पाठवता येत नाही तेच बरं. ट्रॉलीवाल्याला मी अजून फोन केला नाही. पण ब्लेड कुठं आहे ते तिला सांगितलं, आणि कप दोन्ही हातांनी धरला, तिच्यासमोर.